वाक्यामागचा साक्षीदार : खासगी महाविद्यालये आणि मुक्त ज्ञानकोशातील त्यांच्या नोंदी

मुंबईच्या उपनगरांत उच्च शिक्षणाचा फार मोठा भाग खासगी संस्थांच्या हाती आहे, आणि या संस्थांविषयी पालकांना व विद्यार्थ्यांना जे काही कळते त्यातले बहुतेक त्या संस्थांनीच सांगितलेले असते. बारावीचा निकाल लागला की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत स्थानकाबाहेरचे फलक, वृत्तपत्रांच्या प्रवेशविषयक पुरवण्या, रंगीत माहितीपुस्तिका आणि मोबाइलवरच्या जाहिराती एकाच सुरात बोलू लागतात. या गलबल्यात एक पान असे असते, की ते संस्थेने स्वतः लिहिलेले नसावे असे वाचक गृहीत धरतो. ते पान म्हणजे विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशातील त्या महाविद्यालयाची नोंद होय. वाचकाचा हा विश्वास खरा ठरतो की नाही, हे त्या नोंदीतील प्रत्येक विधानामागे कोण साक्षीदार उभा आहे यावर अवलंबून असते. तटस्थता म्हणजे स्तुती आणि टीका यांची समसमान वाटणी, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः प्रत्येक विधान कोणाचे आहे, कशाच्या आधारावर आहे आणि केव्हाचे आहे हे वाचकाला लख्ख दिसणे, हाच तटस्थतेचा गाभा आहे.

स्वाक्षरीकडून संदर्भाकडे

मराठीला कोशवाङ्मयाची परंपरा नवी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० ते १९२७ या काळात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले आणि त्यासाठी नागपुरात मर्यादित कंपनी स्थापून भागभांडवल उभे केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथून मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले, त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये वाचकांच्या हाती आला आणि विसावा खंड २०१५ मध्ये. या कोशांतील नोंदींचे वजन मुख्यतः त्या लिहिणाऱ्या अभ्यासकाच्या अधिकारातून येत असे. विश्वकोशातील नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते आणि त्या नावामागे संपादक मंडळाची छाननी असते, म्हणून वाचक ती नोंद विश्वासाने वाचतो.

१५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत आणि १ मे २००३ रोजी मराठीत सुरू झालेल्या विकिपीडियाने ही रचना मुळापासून बदलली. येथे नोंद कोणीही लिहू शकतो, कोणीही दुरुस्त करू शकतो, आणि लिहिणाऱ्याने टोपणनाव घेतले तरी चालते. लेखकाच्या अधिकाराची जागा त्यामुळे संदर्भाने घेतली. वाक्याच्या शेवटी असलेला छोटा आकडा, म्हणजे तळटीपेचा क्रमांक, हीच येथली स्वाक्षरी ठरली. विकिपीडियाच्या मजकूरविषयक मूळ नियमांपैकी तीन या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला तटस्थ दृष्टिकोनाचा. दुसरा पडताळणीचा, म्हणजे वाचकाला विधान प्रसिद्ध स्रोतात तपासून पाहता यावे याचा. आणि तिसरा मूळ संशोधनाला मज्जाव करणारा, म्हणजे अन्यत्र कोठेही प्रसिद्ध न झालेले निष्कर्ष नोंदीत प्रथमच मांडू नयेत असे सांगणारा. आधार नसलेल्या वाक्यापुढे मराठी विकिपीडियावर ‘संदर्भ हवा’ असा शेरा लावला जातो. ही दोन शब्दांची खूण म्हणजे या सगळ्या व्यवस्थेचा आत्मा आहे.

‘खासगी’ या एका शब्दाखाली काय काय येते

उपनगरांतील एखाद्या महाविद्यालयाची नोंद लिहिताना पहिली कसोटी विशेषणाची नसून वर्गवारीची असते, कारण ‘खासगी महाविद्यालय’ या दोन शब्दांखाली कायद्याच्या दृष्टीने अगदी भिन्न प्रकारच्या संस्था येतात. अनुदानित महाविद्यालय खासगी न्यास चालवतो, परंतु मान्य पदांचे वेतन राज्य सरकार देते. विनाअनुदानित महाविद्यालयाचा खर्च प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या अशा संस्थांना महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर वाट मोकळी झाली ती १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवते, तथापि पदवी मूळ विद्यापीठाचीच असते. अभिमत विद्यापीठाला १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम ३ खाली विद्यापीठाचा दर्जा मिळतो आणि खासगी विद्यापीठ राज्याच्या कायद्याने अस्तित्वात येते. याच कायद्याचे कलम २२ पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे हे ठरवते, आणि या कलमाच्या कक्षेबाहेरच्या संस्थेने दिलेला कागद कितीही देखणा असला तरी तो पदवी ठरत नाही.

हे भेद किती व्यवहारी आहेत, हे अंधेरी पश्चिमेच्या मुन्शीनगरातील भारतीय विद्या भवनाच्या आवारात एकाच ठिकाणी पाहता येते. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९३८ मध्ये स्थापलेल्या या संस्थेचे भवन्स महाविद्यालय १९४६ पासून येथे आहे. त्याच आवारात सरदार पटेलांचे नाव धारण करणारी दोन अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. त्यांपैकी १९६२ चे सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग अनुदानित आहे, तर सरदार पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी विनाअनुदानित आहे. शेजारीच १९८१ मध्ये सुरू झालेली एस. पी. जैन व्यवस्थापन संस्था आहे आणि तिचा प्रमुख अभ्यासक्रम पदव्युत्तर पदविकेचा, म्हणजे पीजीडीएमचा आहे. नाव, न्यास आणि पत्ता यांत इतके साम्य असताना एका संस्थेचे शुल्क, प्रवेशाचा कटऑफ किंवा नोकऱ्यांचे आकडे दुसरीच्या नोंदीत शिरणे अगदी सोपे असते, आणि त्यासाठी कोणाचा वाईट हेतूही लागत नाही.

काळानुसार बदलणाऱ्या दर्जाची अडचण याहून मोठी असते. विद्याविहार येथील सोमैया संकुलातील अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते, आणि २०१९ मध्ये सोमैया विद्याविहार विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्या विद्यापीठाचा घटक झाले. सोमैया न्यासाची शीव येथील दुसरी अभियांत्रिकी संस्था मात्र वेगळी राहिली. विलेपार्ल्यातील नरसी मोनजी व्यवस्थापन संस्था १९८१ ची असली तरी तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. पार्ले टिळक विद्यालय असोसिएशनने १९५९ मध्ये काढलेले पार्ले कॉलेज पुढे साठ्ये महाविद्यालय झाले. अशा प्रत्येक ठिकाणी ‘आहे’ या क्रियापदापाशी वर्ष लिहिले नाही, तर वाक्य लिहिताना खरे असते आणि काही वर्षांनी कोणी हात न लावताच खोटे होते.

‘पहिले’ या शब्दाचेही असेच आहे. भवन्स हे उपनगरातले जुने महाविद्यालय आहे यात शंका नाही. पण जोगेश्वरीचे इस्माइल युसुफ महाविद्यालय १९३० चे आहे, आणि ते सरकारी आहे. एखाद्या नोंदीत ‘उपनगरांतील पहिले’ असे लिहायचे झाल्यास सरकारी की खासगी, पश्चिम उपनगरे की सगळी उपनगरे, कला शाखा की वाणिज्य, हे सारे आधी स्पष्ट करावे लागते, आणि ते स्पष्ट करता करता अनेकदा असे लक्षात येते की ‘१९४६ मध्ये सुरू झाले’ एवढे साधे वाक्यच सर्वांत भक्कम आहे.

एका नोंदीचा धडा

खासगी शिक्षणसंस्थेची नोंद ताब्यात घेतली गेल्यास काय होते, याचे भारतातील सर्वांत गाजलेले उदाहरण दिल्लीत १९७३ मध्ये स्थापन झालेल्या आणि मुंबईसह देशभर शाखा काढलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट, म्हणजे आयआयपीएम, या संस्थेचे आहे. तिच्या पानभर जाहिराती सुमारे दशकभर वृत्तपत्रांत झळकत होत्या. या जाहिरातींतील दाव्यांची तपासणी २००५ मध्ये प्रथम केली ती मुंबईतून निघणाऱ्या ‘जॅम’ या युवकांच्या नियतकालिकाने. रश्मी बन्सल यांच्या संपादनाखालील या नियतकालिकाने जाहिरातीतली विधाने आणि प्रत्यक्ष स्थिती यांतील अंतर दाखवले, आणि त्या लेखाची दखल घेऊन अनुदिनीत लिहिणाऱ्या गौरव सबनीस यांना कायदेशीर नोटीस आली. आयआयपीएम ही ते नोकरी करत असलेल्या कंपनीची मोठी ग्राहक होती. वादाची झळ कंपनीला लागू नये म्हणून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. ‘कॅराव्हॅन’ या मासिकाने फेब्रुवारी २०११ मध्ये सिद्धार्थ देब यांचा या संस्थेवरील दीर्घ लेख छापला तेव्हा त्यावर आसामातील सिलचर येथे ५० कोटी रुपयांचा दावा लावला गेला, आणि देब यांच्या पुस्तकाची भारतीय आवृत्ती ते प्रकरण वगळून निघाली. लेखावरील मनाई दिल्ली उच्च न्यायालयाने उठवली ती २०१८ मध्ये.

संस्था विद्यापीठ नाही आणि तिला पदवी देण्याचा अधिकार नाही, अशी जाहीर सूचना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये काढली. फेब्रुवारी २०१३ मध्ये ग्वाल्हेरच्या न्यायालयाच्या आदेशानंतर दूरसंचार विभागाने ७३ इंटरनेट दुवे बंद करण्यास सांगितले. त्यांत वृत्तपत्रांच्या पानांबरोबर आयोगाच्या त्या सूचनेचाही समावेश होता. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने संस्थेला एमबीए, बीबीए, ‘बिझनेस स्कूल’ अशा शब्दांचा वापर करण्यास मनाई केली.

याच वर्षांत इंग्रजी विकिपीडियावरील या संस्थेच्या नोंदीत ‘विफिओन’ या नावाचे एक खाते सातत्याने काम करत होते. या खात्याने २०१० मध्ये प्रचालकाचा अधिकारही मिळवला होता. प्रचालक म्हणजे पाने वगळण्याचे, सुरक्षित करण्याचे आणि इतरांना अटकाव करण्याचे अधिकार समुदायाने ज्याच्या हाती दिले आहेत असा सदस्य. नोंदीत केलेले बदल वरवर पाहता नियमांना धरून वाटत, कारण प्रत्येक बदलामागे एखादा नियम सांगितलेला असे. अमुक टीकेचा स्रोत पुरेसा विश्वासार्ह नाही म्हणून ती काढली, तमुक प्रशंसेला वृत्तपत्राचा आधार आहे म्हणून ती ठेवली, अशा रीतीने टीका हळूहळू पातळ होत गेली आणि स्तुतीला मात्र आधार मिळत गेला. समुदायाच्या सर्वोच्च निवाडा समितीने फेब्रुवारी २०१५ मध्ये या खात्याचे अधिकार काढून घेऊन त्याला इंग्रजी विकिपीडियावर बंदी घातली, आणि पुढच्या महिन्यात ‘न्यूजवीक’ने या प्रकरणावर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी संस्थेने आपले अभ्यासक्रम बंद करत असल्याचे जाहीर केले.

या प्रकरणातून दिसते ते असे, की तटस्थतेचे नियम स्वतःहून काम करत नाहीत, आणि जाणकार हातात तेच नियम पक्षपाताची हत्यारे होऊ शकतात. तथापि या प्रकरणाचा निकाल ज्या पुराव्यावर लागला तो पुरावाही विकिपीडियाच्याच रचनेतला होता. तेथे प्रत्येक नोंदीचा संपूर्ण संपादन-इतिहास उघडा असतो. कोणत्या खात्याने कोणत्या दिवशी कोणता शब्द काढला आणि कोणता घातला, हे वर्षांनंतरही तपासता येते. काही चिवट संपादकांनी ते तपासले, म्हणून उलगडा झाला. जाहिरातीच्या फलकाला असा इतिहास नसतो.

एका परिच्छेदाची शुद्धी

नोंदीतली जाहिरात ओळखणे हे शब्दाशब्दांचे काम आहे. ते कसे चालते हे पाहण्यासाठी नमुन्यादाखल रचलेला, पण प्रत्यक्ष नोंदींत वारंवार आढळणाऱ्या वळणाचा एक परिच्छेद घेता येईल : ‘अंधेरीच्या हिरव्यागार परिसरात वसलेले हे अग्रगण्य महाविद्यालय जागतिक दर्जाच्या सुविधा, अनुभवी प्राध्यापकवृंद आणि शंभर टक्के प्लेसमेंट यांसाठी ओळखले जाते. नॅककडून अ श्रेणी प्राप्त झालेली ही संस्था विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध आहे.’

यातील ‘हिरवागार’, ‘अग्रगण्य’, ‘जागतिक दर्जाच्या’ आणि ‘कटिबद्ध’ हे शब्द काहीही माहिती देत नाहीत, म्हणून ते जातात. ‘ओळखले जाते’ या कर्मणी रचनेत कर्ता लपलेला असतो; कोण ओळखते, हा प्रश्न विचारला की उत्तर बहुधा संस्थेच्या माहितीपुस्तिकेपाशी येऊन थांबते. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या दाव्यात छेद कोणता हे सांगितलेले नसते, कारण टक्केवारी उत्तीर्ण झालेल्या सगळ्या विद्यार्थ्यांपैकी आहे, की कॅम्पस मुलाखतींसाठी नाव नोंदवलेल्यांपैकी, की पात्र ठरलेल्यांपैकी, यावर तिचा अर्थ पूर्णपणे बदलतो. एका विद्यार्थ्याला मिळालेले सर्वोच्च पॅकेज हे संस्थेचे चित्र नसते. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी चौकट, म्हणजे एनआयआरएफ, हिच्यासाठी संस्था जी माहिती भरतात तीत नोकरी लागलेल्या पदवीधरांच्या वेतनाचा मध्यांक असतो. सर्व वेतने चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारी ती रक्कम असते, आणि एखाद्या अपवादात्मक मोठ्या आकड्याने ती फुगत नाही.

‘अ श्रेणी’ हे सर्वांत खरे वाटणारे विधान सर्वांत काळजीने हाताळावे लागते. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे १९९४ मध्ये स्थापन झालेली नॅक, हिच्या जुन्या पद्धतीत चारपैकी ३.०१ किंवा त्याहून अधिक गुण मिळालेल्या संस्थेला ‘अ’ ही सर्वोच्च श्रेणी मिळत असे. जुलै २०१६ पासून श्रेणींची रचना बदलली. पुढे ३.५१ पासून ‘अ++’, ३.२६ ते ३.५० ला ‘अ+’ आणि ३.०१ ते ३.२५ ला ‘अ’ अशी विभागणी झाली. २०१४ ची ‘अ’ आणि २०१८ ची ‘अ’ यांत त्यामुळे मोठे अंतर पडते, कारण पहिली शिखरावरची श्रेणी आहे आणि दुसरी वरून तिसरी. शिवाय श्रेणीला सामान्यतः पाच वर्षांची मुदत असते. फेरी, वर्ष, गुण आणि मुदत यांच्याशिवाय लिहिलेली श्रेणी खोटी नसली तरी वाचकाची दिशाभूल करते.

या शुद्धीनंतर उरणारा परिच्छेद साधारण असा असतो : हे विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालय अमुक न्यासाने अमुक वर्षी अंधेरी पश्चिम येथे सुरू केले, ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे, नॅकने दुसऱ्या फेरीत अमुक वर्षी त्याला इतक्या गुणांसह अ श्रेणी दिली आणि तिची मुदत अमुक वर्षापर्यंत होती, संस्थेने क्रमवारीसाठी सादर केलेल्या माहितीनुसार अमुक वर्षी इतक्या पदवीधरांपैकी इतक्यांना नोकरी मिळाली. हा परिच्छेद देखणा नाही, मात्र यातील प्रत्येक खंडाशी एक कागद जोडता येतो, आणि बोरिवलीतल्या एखाद्या घरात रात्री उशिरा कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, फेरीचा पसंतीक्रम भरत बसलेल्या मुलीला आणि तिच्या वडिलांना हाच परिच्छेद उपयोगी पडतो.

तटस्थ लेखन रुक्षच असते असेही नाही. मुलुंड पूर्वेतील वि. गो. वझे महाविद्यालय १९८४ मध्ये केळकर एज्युकेशन ट्रस्टने सुरू केले. सुगंधी द्रव्यांच्या व्यवसायातील केळकर उद्योगाशी या न्यासाचे नाते आहे, आणि महाविद्यालयात सुगंधद्रव्ये व सौंदर्यप्रसाधने यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. उपनगरातील एका उद्योगातून शिक्षणाची एक वेगळी शाखा कशी उगवली, हे या दोन वाक्यांतून समजते. ‘नावीन्यपूर्ण अभ्यासक्रमांसाठी प्रसिद्ध’ या शब्दांनी ते कधीच समजले नसते. घाटकोपरचे रामनिरंजन झुनझुनवाला महाविद्यालय १९६३ चे, आणि ते चालवणारी हिंदी विद्या प्रचार समिती १९३८ ची. या दोन वर्षांच्या मधल्या अंतरात उपनगरातील हिंदीभाषक वस्तीच्या वाढीचा इतिहास दडलेला आहे, आणि ज्याला त्या महाविद्यालयाचा खरा गौरव करायचा असेल त्याने तो इतिहास स्रोतांसह लिहावा.

स्रोतांची उतरंड

साक्षीदार हवा असे म्हटल्यावर कोणता साक्षीदार चालेल, हा प्रश्न ओघाने येतो. प्राथमिक स्रोत म्हणजे घटनेशी थेट संबंधित पक्षाने निर्माण केलेला कागद, आणि दुय्यम स्रोत म्हणजे त्रयस्थाने तपासून लिहिलेला मजकूर. संस्थेचे संकेतस्थळ, नॅकसाठी तिने लिहिलेला स्व-अध्ययन अहवाल आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमानुसार तिने जाहीर करावयाची माहिती हे प्राथमिक स्रोत होत. स्थापनेचे वर्ष किंवा अभ्यासक्रमांची यादी यांसारख्या निर्विवाद गोष्टींसाठी ते चालतात; गुणवत्तेच्या दाव्यासाठी चालत नाहीत. विद्यापीठाची परिपत्रके, शुल्क नियामक प्राधिकरणाने मान्य केलेले शुल्क आणि न्यायालयांचे निकाल हे अधिकृत असले तरी त्यांचा अर्थ लावण्याचे काम नोंदलेखकाने स्वतः करायचे नसते.

दुय्यम स्रोतांत वृत्तपत्रे प्रमुख. मात्र येथेच सर्वांत मोठा खड्डा आहे. भारतात पैसे घेऊन बातमीच्या रूपात जाहिरात छापण्याची पद्धत इतकी रुजली, की भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१० मध्ये ‘पेड न्यूज’ या विषयावर स्वतंत्र अहवाल दिला. भारतीय माध्यमांतील प्रायोजित मजकुराबाबत सावध राहावे, अशी स्वतंत्र सूचना इंग्रजी विकिपीडियाच्या स्रोतविषयक मार्गदर्शनातही आहे. प्रवेशाच्या हंगामातली पुरवणी, त्यातली संस्थाचालकाची मुलाखत आणि कोपऱ्यातले बारीक अक्षरातले ‘प्रायोजित’ ही त्रयी ओळखता आली नाही, तर संस्थेचाच आवाज वृत्तपत्रातून वळसा घेऊन नोंदीत त्रयस्थ म्हणून बसतो. दुसरा धोका वर्तुळाकार संदर्भाचा आहे. नोंदीतले आधारहीन वाक्य एखादा वार्ताहर घाईत उचलतो, आणि नंतर तीच बातमी त्या वाक्याचा आधार म्हणून जोडली जाते. अशा वेळी तारखा तपासणे हाच एकमेव उपाय असतो.

अधिकृत शिक्काही अंतिम मानता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एका संस्थेच्या पाहणीसंदर्भात लाचखोरीच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या पाहणी समितीच्या अध्यक्षांसह काही सदस्यांना अटक केली. यावरून सगळ्या श्रेणी संशयास्पद ठरत नाहीत. पण ‘संस्था उत्कृष्ट आहे’ असे न लिहिता ‘नॅकने अमुक वर्षी अमुक श्रेणी दिली’ असे लिहिण्याची शिस्त का पाळायची, हे यावरून उमगते. स्रोत नाहीसाही होऊ शकतो, हे आयोगाच्या बंद झालेल्या पानाने २०१३ मध्येच दाखवले होते. म्हणून काळजी घेणारा संपादक प्रत्येक दुव्याची संग्रहित प्रत, म्हणजे इंटरनेट संग्रहालयात साठवलेले त्या दिवसाचे पान, संदर्भासोबत जोडून ठेवतो.

टीकेची मर्यादा आणि कायद्याचा दाब

तटस्थतेचा भंग स्तुतीने होतो तसा रागानेही होतो. शुल्कवाढीने, निकालाने किंवा वसतिगृहातील वागणुकीने दुखावलेला विद्यार्थी नोंदीत ‘वाद’ असा विभाग उघडतो आणि चार दशकांच्या संस्थेची निम्मी नोंद एका वर्षाच्या एका तक्रारीने व्यापली जाते. विकिपीडियाच्या भाषेत याला अवाजवी भार म्हणतात. घटनेला नोंदीत जागा किती द्यायची, हे विश्वासार्ह स्रोतांनी तिला किती जागा दिली यावरून ठरते. रॅगिंग, प्रवेशातील गैरव्यवहार किंवा बेकायदा देणगी यांसारखे गंभीर आरोप असतील तर आरोप कोणी केला, चौकशी कोणी केली आणि निष्पन्न काय झाले, या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. निर्दोष सुटल्याची बातमी न जोडता अटकेची बातमी ठेवणे हा अन्याय आहे. हयात व्यक्तींविषयी तर नियम अधिकच कडक आहे, आणि म्हणून ‘माजी विद्यार्थी’ या यादीतले संदर्भ नसलेले नाव, ते पडद्यावर कितीही गाजलेले असले तरी, तेथे राहू शकत नाही.

दुसऱ्या बाजूला, आधार असलेली टीका कायद्याच्या धाकाने मिटवली जाऊ नये, हाही तटस्थतेचाच भाग आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्या नोंदीतील मजकुराबद्दल २०२४ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटी रुपयांचा दावा लावला, आणि त्या खटल्याविषयीचे विकिपीडियावरील पान ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने हटवावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२५ रोजी तो आदेश रद्द केला. स्वयंसेवी संपादकाकडे वकील नसतो आणि संस्थेकडे असतो, ही विषमता शिक्षणसंस्थांच्या नोंदींनाही लागू आहे. तिच्यापुढे संपादकाचे खरे संरक्षण एकच आहे. ज्या वाक्याला तीन स्वतंत्र स्रोत आहेत आणि ज्यात एकही भडक विशेषण नाही, ते वाक्य हलवणे कठीण जाते.

हे काम कोणी करायचे

नोव्हेंबर २०११ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलात देशातील पहिली विकिपरिषद भरली, आणि त्याच सुमारास पुण्यात विकिमीडिया फाउंडेशनचा शैक्षणिक प्रकल्प गुंडाळण्याची वेळ आली. पुण्यातील काही महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विकिपीडियावर लिहावे, अशी ती योजना होती. अनेकांनी पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून मजकूर जसाच्या तसा उतरवला, त्यामुळे स्वामित्वहक्काचा भंग झाला आणि तो निस्तरताना स्वयंसेवक मेटाकुटीला आले. या दोन घटना शेजारी ठेवल्या की उत्साह आणि प्रशिक्षण यांतील अंतर स्पष्ट होते. स्रोत वाचून स्वतःच्या शब्दांत मांडणे हे कौशल्य शिकवावे लागते, आणि ते महाविद्यालयांनीच शिकवायला हवे.

संस्थांपुढे मात्र एक मर्यादा आहे. आपल्याच महाविद्यालयाची नोंद प्राध्यापकाने, जनसंपर्क अधिकाऱ्याने किंवा त्यांनी नेमलेल्या कंपनीने बदलणे हा हितसंबंधांचा संघर्ष होय. मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने तो उघड करणे विकिमीडियाच्या वापराच्या अटींनुसार जून २०१४ पासून बंधनकारक आहे. छुप्या वाटेचा शेवट चांगला होत नाही. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एकाच मोहिमेत ३८१ खाती बंद करण्यात आली, ती पैसे घेऊन चालवलेली ‘मोज्यांच्या बाहुल्यां’ची, म्हणजे एकाच हाताने नाचवलेल्या अनेक नावांची खाती होती. उघडी वाट सोपी आहे. संस्थेने नोंदीच्या चर्चापानावर आपली ओळख सांगावी, चूक दाखवावी, कागद जोडावा आणि बदल त्रयस्थ संपादकावर सोपवावा. जुनी छायाचित्रे मुक्त परवान्याखाली द्यावीत, वार्षिक अहवाल आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका ग्रंथालयाच्या कपाटातून काढून सर्वांना वाचता येतील अशा ठेवाव्यात. चांगल्या संस्थेला याहून जास्त काही करावे लागत नाही, कारण तटस्थ नोंद ही तिचेच संरक्षण असते. सगळ्याच संस्था स्वतःला ‘अग्रगण्य’ म्हणवू लागल्या की जी खरोखर अग्रेसर आहे तिची ओळख पटण्याचा मार्गच बंद होतो.

मराठी विकिपीडियावर ही जबाबदारी अधिक निकडीची आहे. तेथील चावडीवर, म्हणजे सामुदायिक चर्चेच्या पानावर, वावरणारे संपादक थोडे आहेत, आणि ज्या घरातून पहिलीच मुलगी महाविद्यालयात जाणार आहे त्या घराला मराठीतली नोंद इंग्रजीपेक्षा जवळची वाटते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी अनेक महाविद्यालयांत विकिपीडियाच्या कार्यशाळा होतात. अशा कार्यशाळेत मुलुंडच्या विद्यार्थ्यांनी बोरिवलीच्या महाविद्यालयाची नोंद आणि बोरिवलीच्या विद्यार्थ्यांनी मुलुंडची नोंद घेतली, तर हितसंबंधांचा प्रश्न आपोआप सुटेल. त्यांनी नोंदीतले एकेक वाक्य वाचावे, त्याचा कागद शोधावा, कागद सापडला तर वर्ष घालून तो जोडावा आणि सापडला नाही तर ‘संदर्भ हवा’ असे लिहून ठेवावे. पुढच्या जूनमध्ये पसंतीक्रम भरताना कोणीतरी ते पान उघडेल, आणि जे माहीत आहे ते कोठून माहीत झाले व जे माहीत नाही ते कोणते, हे दोन्ही त्या वाचकाला दिसेल. शिक्षणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला ज्ञानकोशाने द्यायचा पहिला धडा तोच आहे.